पहिला ट्रम्पेट घेताना पिस्टन बघा

शाळेच्या बँडमध्ये मुलाचं नाव लागलं की आठवड्याभरात पालकांचा फोन येतो आणि प्रश्न ठरलेला असतो. "ऑनलाइन आठ हजारांत सोनेरी ट्रम्पेट दिसतोय. पेटी आहे, पांढरे हातमोजेपण आहेत. मागवून टाकू?" मी म्हणतो, हातमोजे बघून ट्रम्पेट घेऊ नका. पलीकडून हसू येतं आणि मग दुसरा प्रश्न येतो, "मग काय बघून घ्यायचा?" त्याचं उत्तर फोनवर दोन मिनिटांत देता येत नाही, म्हणून हा लेख.

आधी हे वाद्य वाजतं कसं ते बघू, कारण स्वस्त ट्रम्पेट कुठे दगा देतो ते त्यातूनच कळतं.

ट्रम्पेट म्हणजे साधारण १४८ सेंटिमीटर लांबीची पितळी नळी, हातात धरता यावी म्हणून वळसे घालून गुंडाळलेली. एका टोकाला माउथपीस, दुसऱ्या टोकाला भोंगा. माउथपीसवर ओठ टेकवून ते फुरफुरवले की आतली हवा थरथरते. नुसत्या नळीतून सगळे स्वर निघत नाहीत. ओठ कमीजास्त आवळून मोजकेच स्वर मिळतात. खालच्या सा पासून मोजलं तर सा, प, वरचा सा, त्यावरचा ग, प असे. शाळेतल्या झेंडावंदनाला बिगुल ऐकला असेल तर हे स्वर ओळखीचे वाटतील. बिगुलाला पिस्टन नसतात, म्हणून त्याचा सगळा कारभार एवढ्याच स्वरांत चालतो.

मधले स्वर भरून काढायला पिस्टन आले. दाबला की हवेला जास्तीच्या नळीतून फेरी मारून यायला लावणारा झडपेचा हा प्रकार एकोणिसाव्या शतकातला. आज ट्रम्पेटवर दिसतो त्या घाटाचा पिस्टन पॅरिसच्या पेरिने यांनी १८३० च्या दशकाच्या शेवटी बनवला आणि तेव्हापासून त्यात मूलभूत बदल जवळजवळ झालेला नाही. मधला, म्हणजे दुसरा पिस्टन दाबला की स्वर अर्ध्या स्वराने उतरतो, पहिल्याने एका पूर्ण स्वराने, तिसऱ्याने दीड स्वराने. तीन पिस्टनांच्या दाबण्या-सोडण्यातून बाकीचा सगळा सप्तक उभा राहतो.

विद्यार्थी जो घेतो तो बी फ्लॅट ट्रम्पेट. काही न दाबता वाजणारा त्याचा सा पेटीवर शोधाल तर काळी पाचला सापडेल. नोटेशनमध्ये त्याला 'सी' लिहितात, म्हणून पियानोवाला आणि ट्रम्पेटवाला एकाच कागदावरून वाजवायला बसले की पहिल्यांदा गोंधळ होतोच. तो दोष वाद्याचा नाही. दुकानदार 'सी ट्रम्पेट'ही दाखवील, स्वस्तात देतो म्हणेल, पण शिकण्याची पुस्तकं, परीक्षा, शाळेचे आणि पोलिसांचे बँड हे सगळं बी फ्लॅटवर चालतं. तोच घ्या.

सरळ व्याज, चक्रवाढ व्याज

आता थोडं गणित. ते कळलं की दुकानात तुम्हाला कुणी सहज फसवू शकणार नाही.

एक पूर्ण स्वर उतरायला नळी सुमारे १२ टक्क्यांनी वाढवावी लागते, दीड स्वर उतरायला सुमारे १९ टक्क्यांनी. १४८ सेंटिमीटरवर हिशेब केला तर पहिल्या पिस्टनची जास्तीची नळी होते १८ सेंटिमीटर आणि तिसऱ्याची २८. एकेकटे दाबले तर दोन्ही बरोबर वाजतात. आता दोन्ही एकदम दाबा. पहिला दाबताच नळी १६६ सेंटिमीटर झाली, आणि त्याच्या खाली दीड स्वर जायला १६६ चे १९ टक्के हवेत, म्हणजे जवळपास साडेएकतीस सेंटिमीटर. पण तिसऱ्या पिस्टनकडे देण्यासारखे २८ च आहेत, कारण तो मूळ नळीच्या मापाने कापलेला. निसर्ग चक्रवाढ व्याज मागतो आणि आपण सरळ व्याजाने फेडतो. साडेतीन सेंटिमीटरची ही बाकी राहते म्हणून स्वर चढा येतो. तिन्ही पिस्टन एकदम दाबले तर ही बाकी सहा सेंटिमीटरच्या वर जाते आणि स्वर जवळजवळ पाव स्वराने चढतो.

हे नेमके कोणते स्वर? पहिला-तिसरा दाबून खालचा रे येतो आणि मंद्र प. तिन्ही दाबून कोमल रे. म्हणजे भूप वाजवायला घ्या, दुसऱ्याच स्वराला कान टवकारतात. शास्त्रीय संगीत ऐकलेल्या घरातलं मूल असेल तर ते स्वतःच म्हणेल, "रे चढा लागतोय."

यावर तोड आहे. तिसऱ्या पिस्टनच्या नळीचा बाहेरचा भाग, ज्याला सगळे तिसरी स्लाइड म्हणतात, वाजवता वाजवता डाव्या हाताच्या बोटाने पुढे सरकवायचा. स्लाइडला दोन बाजू असतात, त्यामुळे ती पावणेदोन सेंटिमीटर सरकली की नळी साडेतीन सेंटिमीटरने वाढते आणि बाकी फिटते. तिन्ही पिस्टनांसाठी तीन-सव्वातीन सेंटिमीटर सरकवावी लागते. त्यासाठी स्लाइडवर बोटाची कडी असते आणि स्लाइड निसटून खाली पडू नये म्हणून अडसर असतो.

अगदी स्वस्त ट्रम्पेटवर ही कडी असते, पण स्लाइड हलत नाही. कधी दोन नळ्या समांतर बसवलेल्या नसतात, कधी आतून घासूनच घेतलेल्या नसतात. फोटोत कडी दिसते, आपण समाधान मानतो. एका भाच्यासाठी मी असाच एक मागवला होता. तिसरी स्लाइड ओढायला दोन माणसं लागली आणि निघाली ती एका बाजूचा डाख घेऊनच. त्यानंतर कोणताही ट्रम्पेट हातात आला की मी पहिल्यांदा तिसरी स्लाइड हलवून बघतो, वाजवायचं नंतर. एका बोटाने, वाजवण्याच्या पवित्र्यात, सहज पुढे-मागे झाली पाहिजे. पहिल्या पिस्टनच्या स्लाइडवरही अंगठ्यासाठी खोबण असली तर उत्तम, पण सुरुवातीला तिच्यावाचून अडत नाही.

एक गंमत जाताजाता. काही न दाबता वरचा ग वाजवा आणि मोबाइलवरचा ट्यूनर लावा. काटा थोडा खाली दाखवील. लगेच वाद्याला नावं ठेवू नका. नळीतून निसर्गतः जो ग निघतो तो पेटीच्या ग पेक्षा किंचित उतरलेलाच असतो. तानपुऱ्याच्या तारेतून ऐकू येणारा स्वयंभू गंधार तो हाच. ट्यूनरचं गणित पेटीचं आहे, म्हणून तो कुरकुरतो. मात्र काटा खूपच खाली जात असेल, किंवा दोन सा एकमेकांशी जुळत नसतील, तर नळीच्या घडणीत खोट आहे आणि ती दुरुस्त होत नाही.

पिस्टन

आता मुख्य गोष्ट. पिस्टन आणि त्याची नळकांडी यांच्यातली फट केसाच्या जाडीहूनही कमी असावी लागते. जास्त झाली तर हवा गळते, कमी झाली तर पिस्टन अडकतो. इतकं नेमकं काम करायला यंत्रही चांगलं लागतं आणि हातही, आणि ट्रम्पेटच्या किमतीतला मोठा वाटा इथेच जातो. भोंगा चकचकीत करणं त्या मानाने स्वस्त आहे. म्हणून स्वस्त मालात भोंगा आरशासारखा आणि पिस्टन रखडत चालणारे, अशी जोडी सर्रास दिसते.

चांगल्या विद्यार्थी ट्रम्पेटचे पिस्टन बहुधा मोनेलचे असतात. मोनेल म्हणजे निकेल आणि तांब्याचा मिश्रधातू. तो गंजत नाही, लाळेला दाद देत नाही आणि झिजतोही हळू. दुसरा प्रकार निकेलचा मुलामा दिलेल्या पिस्टनांचा. मुलामा चांगला असेल तोवर ते छान चालतात, पण मुलामा उडाला की खालचा धातू दिसू लागतो, फट वाढते आणि मग त्याला तेल पुरत नाही.

परीक्षा सोपी आहे. पिस्टन बाहेर काढा आणि उजेडात धरा. ओरखडे, चट्टे, मुलामा निघालेल्या जागा बघा. परत बसवून प्रत्येक पिस्टन बोट मुद्दाम थोडं कडेला ठेवून, तिरपं आणि अगदी सावकाश दाबा. सरळ दाबल्यावर वाईट पिस्टनही खाली जातो. लहान मुलाचं बोट सरळ कधीच पडत नाही, तेव्हा तिरप्या दाबाला तो अडकतो की नाही हे बघायचं.

गळती तपासायला दुकानदारांना न आवडणारी एक युक्ती आहे. पिस्टन न दाबता त्याची स्लाइड थोडी बाहेर ओढा, मनात पाच आकडे मोजा आणि मग पिस्टन दाबा. बाटलीचं बूच निघाल्यासारखा 'पॉक' आवाज आला पाहिजे. आवाज आला म्हणजे आत पोकळी टिकून होती, म्हणजे फट घट्ट आहे. काहीच आवाज आला नाही तर हवा गळून गेली. तिन्ही पिस्टनांवर करा. मात्र आधी पिस्टनांतलं जुनं तेल पुसून स्वतःच्या बाटलीतलं साधं पातळ तेल घाला. जाड तेल भरून झिजलेल्या पिस्टनाची गळती तासाभरापुरती झाकता येते आणि विकणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक असतं.

किती पैशांत काय

किमती बदलत राहतात, म्हणून ठोकळ हिशेब सांगतो. बाजारात ढोबळ तीन पायऱ्या आहेत.

पहिली १०,००० रुपयांच्या आतबाहेरची. यात दोन अगदी वेगळ्या वस्तू येतात आणि लोक त्यांना एकाच मापाने मोजतात, ते मला पटत नाही. एक म्हणजे मेरठचा माल. मेरठच्या जली कोठी भागात बँडची वाद्यं पिढ्यानपिढ्या बनतात. तिथली नादिर अली ही पेढी १८८५ सालची आहे. आपल्याकडच्या वरातींत आणि मिरवणुकींत जे ट्रम्पेट आणि युफोनियम दिसतात त्यांतले कितीतरी तिथून आलेले असतात. ऊन, पाऊस, गुलाल, टेम्पोच्या टपावरचा प्रवास, सगळं सोसून ते वाजत राहतात आणि बिघडले तर कुठलाही बँडवाला कारागीर त्यांना डाख देऊन उभं करतो. भाग मिळतात, पत्रा जाड असतो, आवाज दणदणीत निघतो. अडचण एवढीच की नग तसा गुण. एकाच दिवशी आलेल्या पाच ट्रम्पेटांत एखादा सुरेख निघेल आणि एखाद्याचा तार सा कधीच जागेवर बसणार नाही. हे ट्रम्पेट डोळे मिटून मागवायचे नाहीत, चार वाजवून एक निवडायचा. निवड जमली तर मिरवणुकीच्या किंवा शाळेच्या बँडसाठी वाईट सौदा नाही.

दुसरी वस्तू म्हणजे ऑनलाइन मिळणारा बिननावाचा किंवा कधी न ऐकलेल्या नावाचा ट्रम्पेट. लाल, निळा, जांभळा रंग दिसला तर तिथूनच परत फिरा. रंगाचा जाड थर हा कच्चा डाख आणि पत्र्यावरचे ओरखडे झाकायला सोयीचा असतो. यात मोठी गोची अशी की बिघडला तर कारागीर हात लावत नाही, कारण पिस्टन, स्प्रिंग, गाइड कशालाच दुसऱ्या कुठल्या मालाचा भाग बसत नाही. पाकीट ट्रम्पेट, म्हणजे आखूड दिसणारा लहान ट्रम्पेट, हादेखील याच वर्गातला. मुलाच्या हाताला लहान म्हणून लोक घेतात. नळी तेवढीच लांब असते, फक्त जास्त गुंडाळलेली, आणि स्वस्त नगांत त्या वळशांनी स्वर बिघडतो. मूल खरंच लहान असेल तर कॉर्नेट, म्हणजे ट्रम्पेटचा आखूड भाऊबंद, बघा. बोटं तीच, स्वर तोच, पण बांधा आटोपशीर आणि वजन शरीराजवळ राहतं.

तिसरी पायरी आधी घेतो. ४०,००० च्या पुढे नावाजलेल्या कंपन्यांचे नवे विद्यार्थी ट्रम्पेट सुरू होतात. यामाहाचा वायटीआर-२३३०, तैवानच्या ज्युपिटरचा जेटीआर-७००, बाखचा टीआर-३००. यांच्यात कुठला सरस यावर इंटरनेटवर वाद घालत बसणाऱ्यांना घालू द्या. नवशिक्याला यातला कुठलाही पाच-सात वर्षं पुरतो. नळीच्या आतला व्यास या सगळ्यांत साडेअकरा मिलिमीटरच्या किंचित वर, म्हणजे लहान फुप्फुसांनाही झेपणारा. तिसरी स्लाइड सरकते, पिस्टन चालतात, स्वर जागच्या जागी येतात. आणि एक व्यवहाराची बाजू: तीन वर्षांनी मुलाने ट्रम्पेट सोडून क्रिकेट धरलं तर हा विकला जातो. दहा हजारांचा बिननावाचा ट्रम्पेट कुणी फुकटही नेत नाही. खरी किंमत काढायची तर घेतानाच्या रकमेतून विकतानाची रक्कम वजा करून बघा.

मधली पायरी म्हणजे याच कंपन्यांचा वापरलेला ट्रम्पेट. कुणी विचारलं तर मी डोकं लावायला सांगतो ते इथे. नव्याच्या निम्म्या किमतीत चांगल्या स्थितीतला यामाहा मिळाला तर नवीन स्वस्त ट्रम्पेटाकडे बघूसुद्धा नका. मुंबईत धोबी तलावच्या वाद्यांच्या दुकानांत, गोव्यात चर्चच्या आणि गावच्या बँडवाल्यांकडे, पुण्यात बँडच्या मास्तरांकडे विचारलं की कुणीतरी विकत असतो. गोव्याचं तर बोलायलाच नको. पोर्तुगीज काळापासून चर्चच्या संगीतशाळांत मुलं स्वरलेखन वाचायला शिकत आली आणि मुंबईच्या हॉटेलांना आणि सिनेमाच्या ऑर्केस्ट्रांना वादक पुरवत आली. अल्डोण्याचे आंतोनियो शाव्हियर वाझ, ज्यांना मुंबईने 'चिक चॉकलेट' म्हणून ओळखलं, त्यांचा ट्रम्पेट ताजमध्ये वाजला आणि सी. रामचंद्र यांच्या संगीतातही. अशा प्रदेशात घराघरातल्या कपाटांत चांगली वाद्यं पडून असली तर नवल नाही.

अमेरिकेत मामा, काका, आते कुणी असेल तर त्यांना कामाला लावा. तिथल्या शाळांत बँड हा नेहमीचा विषय असल्यामुळे वापरलेले विद्यार्थी ट्रम्पेट भरपूर असतात. जुना ओल्ड्सचा अँबॅसिडर दिसला तर विचार करण्यासारखा. ती कंपनी १९७९ च्या सुमारास बंद पडली, पण शाळेच्या पोरांच्या हातून टिकेल अशा बेताने बनवलेला तो ट्रम्पेट आजही नीट वाजतो.

वापरलेला बघताना

पिस्टन आणि तिसरी स्लाइड यांचं वर सांगितलंच. त्याशिवाय दोन-तीन गोष्टी.

माउथपीस जिथे बसतं तिथून निघणारी पहिली सरळ नळी सगळ्यात महत्त्वाची. भोंग्यावरचा पोचा दिसायला वाईट दिसतो पण आवाजाचं फारसं बिघडवत नाही. या पहिल्या नळीवरचा छोटा पोचासुद्धा स्वर हलवतो. ट्यूनिंग स्लाइड, म्हणजे सगळ्या वाद्याचा सूर जुळवायला सरकवायची नळी, काढून या नळीतून उजेडाकडे बघा. आत हिरवट-काळा थर दिसला तर तो धुवून निघतो. पण बाहेरून लाखेखाली गुलाबी ठिपके आणि त्यांच्या मधोमध काळा टिंब दिसला तर सौदा सोडा. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. लाळेच्या ओलाव्याने जस्त निघून जातं, सच्छिद्र तांबं मागे उरतं आणि नळी आतून बाहेर सडत येते. कोकणपट्टीच्या दमट हवेत, पेटीत ओला ठेवून दिलेल्या वाद्याला हे लवकर होतं.

ब्रिटिश बनावटीचं फार जुनं वाद्य मिळालं तर ट्यूनर लावल्याशिवाय पैसे देऊ नका. ब्रिटनमधले ब्रास बँड १९६० च्या दशकापर्यंत आजच्या प्रमाण सुरापेक्षा (४४० हर्ट्झ) बऱ्याच चढ्या स्वराला वाजवत. त्या काळचं वाद्य एकट्याने वाजवायला सुंदर, पण ट्यूनिंग स्लाइड पार बाहेर ओढली तरी पेटीशी जुळत नाही.

आणि भोंग्यावर कोरलेल्या नावावर विसंबू नका. मोठ्या नावांच्या नकला फिरतात. पिस्टनच्या नळकांड्यावरचा अनुक्रमांक, कोरीव अक्षरांचा बारीकपणा, स्लाइडांची सफाई एकमेकांशी जुळते का बघा. सगळ्यात बरं म्हणजे वाजवणारा माणूस बरोबर न्या. शिक्षक येत नसतील तर ओळखीच्या बँडमधल्या दादांना चहा पाजून न्या. त्यांच्या पाच मिनिटांच्या वाजवण्यातून जे कळतं ते पत्रकातून कळत नाही.

माउथपीस

कमी पैशांत जास्तीत जास्त फरक पडतो तो इथे. स्वस्त ट्रम्पेटबरोबर आलेल्या माउथपीसची कड कधीकधी ओठाला काचते आणि मूल दहा मिनिटांत वाद्य खाली ठेवतं. नवशिक्यासाठी बाखचा ७ सी हे जवळपास सगळीकडचं ठरलेलं माप आहे. यामाहाबरोबर ११ बी ४ येतं, ते त्याच्या जवळचंच. आकडे वाचताना मात्र सांभाळा. बाखमध्ये आकडा लहान तितकी वाटी रुंद, यामाहामध्ये आकडा मोठा तितकी रुंद. वाटीच्या खोलीची अक्षरंही दोघांची उलटसुलट. दोघांनी मिळून हे ठरवलं असेल तर मुलांच्या छळासाठीच. चांदीचा मुलामा उडून पितळ उघडं पडलेलं माउथपीस ओठाला लावू देऊ नका, त्वचा हुळहुळते. कॉर्नेटचं माउथपीस ट्रम्पेटला बसत नाही, त्याची दांडी बारीक असते.

दुधाचे पुढचे दात पडून पक्के येईपर्यंत थांबलेलं बरं, आठ-नऊ वर्षांच्या आधी घाई नको.

फ्लॅटमध्ये राहत असाल तर बजेटमध्ये सरावाच्या म्यूटचे पैसे धरा. भोंग्यात बसवायचा तो बुचासारखा तुकडा आवाज खूप कमी करतो. पण रोज फक्त म्यूट लावून वाजवलं तर फुंकीला अडथळ्याची सवय लागते आणि आवाज खुलत नाही. शेजाऱ्यांशी बोलून संध्याकाळची अर्धा तासाची वेळ ठरवून घेणं मला जास्त पटतं. गणपतीत दहा दिवस आपण त्यांचे ढोल ऐकतोच.

घरी आल्यावर

पितळ म्हटलं की आपल्या घरांत चिंच किंवा पितांबरी घेऊन कुणीतरी पुढे सरसावतं. आजीला प्रेमाने थांबवा. ट्रम्पेटवर पारदर्शक लाखेचा थर असतो. घासल्याने तो निघतो आणि मग पितळ खरोखरच काळं पडायला लागतं. मऊ फडक्याने पुसणं पुरे. महिन्यातून एकदा पिस्टन आणि स्लाइड काढून कोमट पाण्यात धुवा. कोमटच, कढत पाण्याने लाख सुटते. पिस्टनात खोबरेल तेल कधीही घालू नका. ते २४ अंशांच्या खाली थिजतं, आणि पुण्या-नाशकातल्या डिसेंबरातल्या सकाळी पिस्टन जागच्या जागी गोठलेले मी पाहिले आहेत. शिवणयंत्राचं तेल थिजत नाही पण जाड पडतं. ट्रम्पेटच्या पिस्टनचं तेल वेगळं मिळतं, एक बाटली बरेच महिने जाते. स्लाइडला तेलाऐवजी ग्रीस लावायचं. माउथपीस अडकलं तर पकडीने फिरवू नका, पहिली नळी पिळवटते. ते काढायचं छोटं यंत्र असतं, बँडच्या कारागिराकडे असतं, त्याला दोन मिनिटं लागतात.

आणि नवा ट्रम्पेट घरी आणल्यावर बहुतेक घरांत पहिल्याच संध्याकाळी जे होतं ते आधीच सांगून ठेवतो. मूल उत्साहाने पिस्टन काढतं, तेल घालतं, परत बसवतं, आणि मग फुंकलं की हवा जातच नाही. गाल फुगतात, डोळे लाल होतात, आवाज शून्य. "बिघडलेला दिला!" म्हणून दुकानात फोन जातो. तसं काही नसतं. पिस्टनला आरपार भोकं असतात आणि ती नळ्यांशी एकाच स्थितीत जुळतात. पिस्टनवर १, २, ३ असे आकडे कोरलेले असतात. माउथपीसच्या बाजूचा पहिला, भोंग्याच्या बाजूचा तिसरा, ते बघून ज्याचा त्याला बसवा. वरची टोपी आवळण्याआधी पिस्टन हलकेच फिरवा. एका जागी 'टक' असं लागेल, त्याच्या बाजूचा छोटा गाइड खाचेत बसल्याचा तो आवाज. मग टोपी लावा आणि पुन्हा फुंकायला सांगा.